सहा, आठ, दहाचं छप्पर

भिंत पाच इंच बाहेर गेली होती.

सुतारानं तिसऱ्यांदा मोजलं. जिन्याकडच्या टोकाला दोन्ही भिंतींच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर सोळा फूट भरत होतं, सुताचाही फरक नाही. कोपऱ्याकडच्या टोकाला मात्र सोळा फूट पाच इंच. टेपेचं दुसरं टोक धरून उभा असलेला त्याचा जोडीदार काही म्हणाला नाही. तो सहसा बोलतच नसे, म्हणून तर सगळे त्याला बोलका म्हणत.

"रस्त्याकडची भिंत पळाली आहे," सुतार म्हणाला.

गवंडी कोपऱ्यात उकिडवा बसून थापी धूत होता. "भिंत कशी पळेल? तिला काय पाय आहेत?"

"पाच इंच गेली आहे."

"खालची भिंत जशी आहे तशी मी वर चढवली. खालचं घर बांधलं तेव्हा मी शाळेत जात होतो." त्यानं थापी फडक्याला पुसली. "आणि पाच इंचांनी काय होतंय? छपराखाली सगळं झाकलं जातं. नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका."

सुताराच्या जिभेवर बरंच काही आलं, पण त्यानं ते गिळलं. भिंत उभी राहिली होती, आतून गिलावाही झाला होता आणि काम परक्याचं नव्हतं, सख्ख्या मोठ्या बहिणीचं होतं.

ताई कपडे शिवायची. आधी घरात एका मशिनवर, मग बाजारातल्या भाड्याच्या खोलीत सात मशिनांवर. हाताखाली सहा बायका होत्या आणि दोन शाळांच्या गणवेशांचं काम दरवर्षी ठरलेलं असायचं. आता त्या खोलीच्या मालकाला जागा स्वतःच्या मुलासाठी हवी होती. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, असं त्यानं बजावलं होतं. म्हणून ताईनं राहत्या घरावर एक लांब खोली चढवायला घेतली होती. बावीस फूट लांब, दोन उतारांचं लाकडी छप्पर, वर कौलं. "छप्पर छोट्या करेल," तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. छोट्या म्हणजे हा सुतार. वय पन्नास, वजन शंभराच्या जवळ, पण ताईच्या तोंडी तो छोट्याच होता.

छोट्याला कामाची भीती नव्हती. भीती होती ती दाजींची.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. माणूस मनानं चांगला, कुणाचं वाईट न चिंतणारा. पण कुठलीही गोष्ट त्यांना समजून घ्यायची असे आणि समजली की लगेच समजावून सांगायची असे. चार वर्षांपूर्वी सुतारानं या घराचा लाकडी जिना केला, तेव्हा दाजींनी सहज विचारलं होतं, पायरीची उंची सात इंचच का? त्या एका प्रश्नापायी अर्धी दुपार गेली आणि शेवटी दाजींनी पायरीच्या उंचीवर वहीची तीन पानं भरली. बहिणीचा नवरा, त्यातून वयानं मोठा. त्यांना 'बाजूला व्हा' म्हणायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आताही दाजी वही घेऊन जिना चढून वर आले. "काय, किती आलं?"

सुतारानं एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. पाच इंचांचं सांगितलं तर 'का' येणार, 'का'मागून 'कसं' येणार. ऊन डोक्यावर आलं होतं.

"सोळा," तो म्हणाला.

"आणि आढं भिंतीच्या वर किती उंच?"

"सहा फूट."

दाजींची पेन्सिल थांबली. "थांब, थांब. सोळाचे निम्मे आठ. उंची सहा. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट. शंभर! म्हणजे वासा बरोब्बर दहा फूट!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, सहा, आठ, दहा! चौतीस वर्षं मी फळ्यावर हाच त्रिकोण काढत आलो आणि आज तो माझ्या घरावर बसतोय!"

"हो," सुतार म्हणाला आणि त्यानं टेप गुंडाळली.

त्याच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. आढं मागच्या सरळ भिंतीला समांतर बसवायचं. मागच्या उताराचे बारा वासे सारखे येतील. रस्त्याकडचे बारा मात्र एकामागून एक लांब होत जातील, शेवटचा चार इंचांनी. ते जागेवर धरूनच कापायचे. हे सगळं त्यानं आपल्या मापाच्या काठीवर खुणा करून ठेवलं. एक फुली, दोन आडव्या रेघा, एक अर्धा गोल. त्या खुणा त्याच्याशिवाय जगात कुणालाही कळत नव्हत्या. बोलक्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला एका औषधाच्या दुकानाचं काउंटर बसवायला जायचं होतं. तो शब्द आधीच दिलेला होता. तीन दिवसांचं काम. "तोवर लाकूड येऊन पडेल," तो ताईला म्हणाला. "बारा फुटी चोवीस नग सांगितलेत. आले की उतरवून घे, बाकी कशाला हात लावू नका."

लाकूड आलं. चांगलं, सरळ, फिक्या रंगाचं, कुठे गाठ नाही. ताई दिवसभर बाजारातल्या खोलीत असायची. घरी दाजी आणि ते चोवीस नग.

चौथ्या दिवशी सकाळी सुतार आणि बोलका अवजारांची पेटी घेऊन आले. अंगणात वासे रचून ठेवले होते. एकावर एक, कडा जुळवून, वह्यांच्या गठ्ठ्यासारखे. प्रत्येकावर खडूनं क्रमांक, एक ते चोवीस. वरची टोकं तिरकी कापलेली, खालची टोकं भिंतीवर सपाट बसतील अशी कापलेली. बाजूला दोन-दोन फुटांच्या तुकड्यांचा वेगळा ढीग.

दाजी दारात उभे होते. आदल्या दिवशीपासून हसू दाबून ठेवलं असावं, तसे दिसत होते.

"तुझे दोन दिवस वाचवले बघ. परवा गाडी करून सगळे वखारीत नेले, तिथल्या मशिनवर कापून आणले. कोन मी काढून दिला होता, वखारवाला बघतच राहिला. एकूण एक वासा दहा फूट. मोजून घे!"

सुतारानं मोजला. दहा फूट. दुसरा मोजला. दहा फूट. तिसरा त्यानं मोजला नाही. तो पेटीवर बसला.

"वळचण कुठे आहे, दाजी?"

"म्हणजे?"

"छप्पर भिंतीच्या बाहेर दीड फूट येतं. पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून. वळचण म्हणतात त्याला. या गल्लीतल्या प्रत्येक घराला आहे. तुमच्याही खालच्या पडवीला आहे, आत्ता तुम्ही तिच्याखालीच उभे आहात."

दाजींनी वर पाहिलं. मग वहीत पाहिलं. वहीत त्रिकोण होता, तिन्ही बाजू नीट जुळलेल्या. त्याच्या बाहेर काहीच नव्हतं.

"पण कर्ण तर भिंतीपाशी संपतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुमचा कर्ण संपतो! पाऊस संपत नाही!" सुताराचा आवाज चढला. "बारा फुटी लाकूड मी हौस म्हणून मागवलं होतं का? हात लावू नका म्हणून सांगून गेलो होतो ना? शाळेत बरं असतं, सर. चुकलं की खोडरबर. लाकूड एकदा कापलं की वाढत नाही."

आजवर त्यानं दाजींना कधी सर म्हटलं नव्हतं. दाजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी वही मिटली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते आत गेले. बोलका तुकड्यांच्या ढिगाकडे पाहत राहिला. आतून पाण्याचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

सुतार तडक वखारीत गेला. वखारवाला म्हणाला, त्या जाडीचं बारा फुटी आता तीन आठवड्यांनी. महिनाअखेर अकरा दिवसांवर आली होती.

"मग कापून कसं दिलंस? विचारायचं नाही का?"

"साहेब कागद घेऊन आले होते. कोन अंशांत लिहिलेला. एवढा शिकलेला माणूस, मी काय विचारणार?" वखारवाल्यानं हात वर केले. "मी म्हटलं, नवीन पद्धत असेल."

परतताना वाटेत गवंडी भेटला. त्याला बातमी कुठून लागली कोण जाणे. "काय हो, वळचणीशिवाय छप्पर? आणि माझ्या पाच इंचांना नावं ठेवत होता!" सुतार न थांबता पुढे गेला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ताट वाढता वाढता तिनं एकच विचारलं, "भिंत वाकडी आहे हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

"भिंतीचा इथे काय संबंध? ते वळचण विसरले."

"तसं नाही. सांगितलं असतंत, तर त्यांना कळलं असतं की हे वहीत बसणारं काम नाही. मग गेले नसते वखारीत."

"तुला छपरातलं काय कळतं?"

"छपरातलं नाही कळत," ती म्हणाली. "तुमच्यातलं कळतं थोडं." सुतारानं दुसऱ्यांदा भात घेतला नाही. तिनंही आग्रह केला नाही.

खरं सांगायचं तर उपाय सुताराला पहिल्या पाच मिनिटांतच सुचला होता. प्रत्येक वाशाच्या शेजारी साडेचार फुटांचा एक तुकडा बोल्टनं आवळायचा. तीन फूट आत, दीड फूट बाहेर. वळचण तयार. मजबुतीला काही धक्का नाही. पेटीवर बसल्या बसल्याच त्याला ते दिसलं होतं, पण तो बोलला नव्हता. दोन कारणं होती. एक म्हणजे ते ठिगळाचं काम होतं आणि त्यानं आजवर कुठल्या छपराला ठिगळ लावलेलं नव्हतं. दुसरं कारण त्याला स्वतःलाही आवडत नव्हतं. दाजींनी थोडे दिवस असंच खजील होऊन त्या नळापाशी उभं राहावं, असं त्याला वाटत होतं.

म्हणून पुढचे दोन दिवस तो आला, आढं चढवलं, दोन्ही टोकांना टेकू दिले आणि वाशांच्या रचलेल्या ढिगाला वळसा घालून येत-जात राहिला. दाजी वर आले नाहीत. सकाळी कामावर निघताना ताई चहाचे दोन कप वर आणायची आणि न बोलता ठेवून जायची.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. मापाची फीत गळ्यात तशीच, ती जिना चढून वर आली आणि आढ्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"छोट्या, छप्पर होणार आहे की नाही?"

"लाकूड नाही."

"लाकूड नाही की मन नाही?"

त्यानं आढ्याचा टेकू उगाच हलवून पाहिला.

"आठ दिवस राहिलेत. माझी सात मशिनं रस्त्यावर येतील. सहा बायका मला रोज विचारतात आणि मी रोज सांगते, माझा भाऊ आहे ना! तिकडे खाली एक माणूस दोन दिवस धड जेवत नाही. इकडे वर एक माणूस दोन दिवस धड बोलत नाही. दोघांच्या मध्ये माझं भरीत झालंय!"

"चूक त्यांनी केली, ताई."

"केली ना. मी कुठे नाही म्हणते? पहिल्याच दिवशी मी त्यांना इतकं बोलले की तुला बोलायला काही उरलं नसतं. पण तू त्यांना सर म्हणालास." तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या लग्नात तू नऊ वर्षांचा होतास. त्यांच्या खांद्यावर बसून झोपलास. बाकी काहीही म्हणायचं होतंस."

बोलका रंध्याचं पातं पुसत होता. तो एकदम म्हणाला, "साडेचार फुटी तुकडे मिळतील. जुन्या लाकडाच्या बाजारात."

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. आठवड्याभरातलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं. म्हणजे उपाय त्यालाही पहिल्याच दिवशी दिसला होता. आणि सुताराला दिसलाय हेही त्याला दिसलं होतं.

ताई सुताराकडे वळली. "तुला माहीत होतं?"

सुतारानं मान खाली घातली. आता ही ओरडेल, असं त्याला वाटलं. ती ओरडली नाही. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते," ती म्हणाली, "वासे बसवायचेच नाहीत, हे नवीनच." आणि जिना उतरून गेली.

जुन्या लाकडाच्या बाजारात तुकडे मिळाले, पण पाडलेल्या गोदामाचे. काळपट, जागोजागी खिळ्यांची भोकं. जाडी जुळत होती, रंग नाही. सुतारानं दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि दातओठ खात ते गाडीत टाकले.

मग वासे चढवले. मागचे बारा गुमान बसले. दाजींचे कोन चोख होते, ते सुताराला मान्य करावं लागलं आणि त्याचाही त्याला राग आला. रस्त्याकडचे बाराही चढले, भिंतीवर टेकले, पण शेवटचे टेकले ते जेमतेम, भिंतीच्या आतल्या अंगाला. आता प्रत्येक जोडतुकड्याला भिंत जिथे संपते तिथे खाच हवी होती आणि त्यासाठी आढ्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत दर वाशाचं माप वेगळं घ्यायचं होतं. बोलका आढ्यावर लागणार, सुतार खाली कापायला लागणार. टेपेचं भिंतीकडचं टोक धरायला माणूस नव्हता.

सुतार खाली गेला. दाजी खिडकीशी बसले होते. हातात वर्तमानपत्र होतं, घडी न मोडलेलं.

"दाजी, टेप धरायला येता का?"

दाजींनी चष्मा घातला. "मला जमेल?"

"नुसती धरायची आहे."

पण नुसतं धरणं दाजींच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच मापाला ते परांचीवरून ओरडले, "तीनशे चार पूर्णांक आठ!"

"इंचात सांगा!"

"दशमान जास्त अचूक असतं."

"माझी करवत इंचात कापते, दाजी!"

"बरं, बरं. एकशे वीस इंच."

"फुटात!"

"दहा फूट. म्हणजे तेच की!"

सुतारानं डोळे मिटले, मनात पाचापर्यंत मोजलं आणि पहिल्या तुकड्यावर खूण केली. मग ताळा म्हणून तो स्वतः शेवटच्या वाशाशी गेला आणि तिथलं माप आधी घ्यायला सांगितलं. दाजींनी टेप ताणली, वाचली, परत वाचली.

"दहा फूट चार इंच. हे कसं? सगळे त्रिकोण एकरूप असायला हवेत."

"भिंत वाकडी आहे."

"कधीपासून?"

"तीस वर्षांपासून."

"तुला कधी कळलं?"

सुतार पेन्सिल कानामागे अडकवत होता. ती दोनदा खाली पडली. "पहिल्या दिवशी."

"मी विचारलं होतं तुला. तू सोळा म्हणालास."

"जिन्याकडच्या टोकाला सोळाच आहे."

"मग या टोकाचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का."

"अर्थात विचारलं असतं."

"म्हणूनच."

दाजी टेप धरून तसेच उभे राहिले. वाऱ्यानं टेप मधोमध थरथरत होती. ते रागावतील, निदान दुखावतील, असं सुताराला वाटलं. पण दाजी भिंतीकडे बघत होते.

"म्हणजे आपण दोघं मिळून चुकलो," ते शेवटी म्हणाले.

"तुमची चूक मोठी आहे," सुतार म्हणाला.

"हो. माझी दीड फूट. तुझी चार इंच."

आढ्यावर घोड्यासारखा बसलेला बोलका खाकरला. ते हसू होतं की धूळ, ते कळलं नाही.

पण दाजींच्या डोक्यात चक्र फिरू लागलं होतं. सुताराला ते दिसलं. "थांब! पहिला दहा फूट, बारावा दहा फूट चार इंच. मधे अकरा जागा. चार इंच म्हणजे तुझे सूत किती?"

"बत्तीस."

"म्हणजे दर वाशाला जवळजवळ तीन सूत वाढ. अरे, ही तर अंकगणिती श्रेढी! प्रत्येक कशाला मोजायचा? मी आत्ता सगळे सांगतो. दुसरा तीन सूत."

सुतारानं मोजायला लावलं. तीन सूत.

"तिसरा सहा."

सहा.

"चौथा एक इंच एक सूत."

एक इंच एक सूत. दाजींचा चेहरा पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखा झाला. सुतारालाही क्षणभर वाटलं, मोजणी सोडून द्यावी, दुपारपर्यंत सगळ्या खाचा मारून व्हाव्यात. त्याचा स्वतःचाही पहिल्यापासून तोच अंदाज होता. दोन टोकं मोजली होती, मधलं कुणी मोजलं होतं?

"पाचवा दीड इंच!" दाजी म्हणाले.

टेप ताणली. सव्वादोन.

"परत बघतो," दाजी म्हणाले.

सव्वादोन.

सहावा पावणेदोनच्या आसपास यायला हवा होता. आला तीन. सातवा तीन आणि वर दोन सूत. आठवा परत मागे, अडीच. भिंत नुसती तिरकी नव्हती. मधे फुगली होती, जेवून उठलेल्या माणसासारखी.

सुतारानं गुण्या हातातून जमिनीवर टाकला. "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घरच धड नाही, वाशांनी कुणाकडे बघायचं?" तो खाली वाकून ओरडला, "गवंडी कुठे आहे?" गवंडी दुसऱ्या कामावर होता आणि ते त्याच्या तब्येतीला बरंच होतं.

त्यानंतर श्रेढीचं नाव निघालं नाही. बाराच्या बारा मापं घेतली, प्रत्येक दोनदा. दाजी वाचायचे, सुतार परत विचारायचा, दाजी परत वाचायचे. नवव्याला दाजींनी टेपेची उलटी बाजू वाचली आणि एक तुकडा वाया गेला. जुनं लाकूड दगडासारखं होतं. आत मोडलेला खिळा लागून करवतीचे दात गेले, कानस घेऊन बसावं लागलं. बोल्टची भोकं पाडताना गिरमिटाचं एक पातं मोडलं, मग दुसरं. दहाव्याची खाच एक सूत खोल गेली, तिथे पाचर मारावी लागली. दाजींच्या बोटात कुसळ शिरलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ताईनं जेवताना पाहिलं आणि सुईनं काढलं. ते काढताना दाजी ओरडले त्यापेक्षा जास्त ती ओरडली.

महिनाअखेर गाठता आली नाही. दोन दिवस उशीर झाला. ताईनं मालकाच्या हातापाया पडून एक दिवस मिळवला. दुसऱ्या दिवशी सात मशिनं हातगाड्यांवरून आली आणि ताडपत्रीखाली अंगणात उभी राहिली. सहा बायका पायरीवर बसून हातशिलाई करत होत्या आणि मधूनमधून मान वर करून बघत होत्या. त्यांच्या नजरेखाली सुतारानं शेवटच्या रिपा ठोकल्या. दाजी कौलं हातोहात वर देत होते. एकेक मोजून. सुतारानं त्यांना मोजू दिलं.

तिसऱ्या प्रहरी शेवटचं कौल बसलं. ताईनं लगेच मशिनं वर चढवायला घेतली, कुणाला दम खाऊ दिला नाही. सुतार मात्र पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं छपराकडे पाहिलं.

फिके वासे भिंतीपर्यंत आणि त्यांच्या कुशीतून बाहेर आलेले काळे तुकडे. बारा. वळचणीची कड त्यानं दोरी धरून सरळ कापली होती, ती सरळ होती. पण तिच्या सरळपणामुळे खालची फुगलेली भिंत आणखीच नजरेत भरत होती. तीस वर्षं कुणाला न दिसलेलं पोट आता गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनही दिसलं असतं.

कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला पाने पुसत बाहेर आला. "वा! दोन रंगांचं काढलंत. आजकाल असं करतात म्हणे. डिझाइन कुणाचं?"

तेवढ्यात दाजी तिथे येऊन पोचले होते. त्यांनी तोंड उघडलं, एकदा सुताराकडे पाहिलं आणि परत मिटलं.

"मी विचारलं, डिझाइन कुणाचं?"

"चुकून झालंय," दाजी म्हणाले.

वर एक मशीन सुरू झालं, मग दुसरं. लाकडी जमिनीतून त्यांची घरघर रस्त्यापर्यंत येत होती. ताई खिडकीत आली. खिडकीला अजून झडपा नव्हत्या.

"छोट्या, छान झालं रे!"

"छान नाही झालं," सुतार खालून म्हणाला. "पुरं झालं."

"तेच ते!" आणि ती आत गेली.

तेच ते नव्हतं, पण हे तिला समजावत कोण बसणार? सुतारानं पेटी उचलली. पेटीची दुसरी कडी दाजींनी धरली. जड होती, त्यांना झेपत नव्हती, चालताना ते सारखे आपल्या बाजूला कलत होते आणि पेटी सुताराच्या गुडघ्यावर आपटत होती. जिन्यापाशी येईपर्यंत ती चारदा आपटली.

"दाजी, सोडा."

"नाही, नाही. धरलीय मी."